कमानीचा वाटा

नळदुर्ग सोडून लोहाऱ्याच्या रस्त्याला लागलं, की थोड्या वेळानं आमच्या माळकुंडीचा फाटा येतो. ओळखायला सोपा. फाट्यावर सिमेंटचे दोन दांडगे खांब उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर काही नाही. गंजलेल्या सळया तेवढ्या आभाळात घुसल्यात. जीपमधून उतरलेला नवा माणूस हमखास विचारतो, "आजोबा, कमान पडली का काय?"

"पडली न्हाय. चढलीच न्हाय."

"का म्हून?"

"शरिफाबीनं अडवली."

"कोण हो? मेंबर हायत का त्या?"

"छ्या! मटणाचे वाटे घालती."

मग तो माझ्याकडं असा बघतो, की म्हाताऱ्याला ऊन लागलेलं दिसतंय. त्याला घाई असते, तो निघून जातो. तुम्हाला घाई नसेल तर बसा. इरम्माच्या हॉटेलच्या बाकड्यावर जागा आहे, आणि एसटीत कंडक्टर म्हणून जन्म घालवल्यामुळं कोण कुठं चढला आणि कुठं उतरला, हे बघत बसण्याची मला खोड आहे. माझं नाव बब्रुवान. गाव मला तात्या म्हणतं. माघारी आणखी काय काय म्हणतं, तेही मला कळतं. पण आज माझं नाही, शरिफाबीचं सांगायचंय.

शरिफाबी म्हणजे महेबूब मुलाण्याची बायको. आमच्या गावात बोकड कापायचा तो मुलाण्यानं, मग घर कुणाचंही असो. आखाडात, नाहीतर यात्रेच्या दुसऱ्या दिवशी बरीच घरं मिळून एक बोकड घेतात. बाजारतळावरच्या चिंचेखाली ताडपत्री अंथरायची, मटण तोडायचं आणि जितकी घरं तितके वाटे घालायचे. तराजू लावायचा नाही. तराजूला वजन कळतं, पण कलेजी कुठली आणि नुसतं हाड कुठलं, ते कळत नाही. आमच्याकडं प्रत्येक वाट्यात सगळं आलं पाहिजे. मांडीचं आलं पाहिजे, छातीचं आलं पाहिजे, नळी, कलेजीचा तुकडा आणि वजडीसुद्धा.

वाटे घालून झाले, की एकानं त्यांच्याकडं पाठ करून बसायचं. वाटे घालणारा एका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" पाठ केलेला माणूस मनाला येईल ते नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा वाटा. त्यावर कुणी बोलायचं नाही. आणि वाटे घालणाऱ्याला काय? सगळे गेल्यावर जो उरेल तो. त्यामुळं तो हात सांभाळून घालतो. एखादा वाटा हलका पडला, तर तोच आपल्या टोपल्यात यायची भीती.

पाठ करून बसायचं काम माझ्याकडं आहे. मी फार सरळ माणूस म्हणून मला तिथं बसवतात, असा माझा समज होता. द्वारकाबाईनं तो काढून टाकला. ही आमच्या गल्लीतली मजुरीला जाणारी बाई, विधवा, आणि जीभ अशी की कुत्रीसुद्धा बाजूला होतात. ती म्हणाली, "तात्या, तुमचं तोंड पलीकडं असलं की मटण जरा जास्त वाटतंय."

महेबूबला लकवा झाला आणि त्याचा उजवा हात गेला. सुरी पोरानं, आरिफनं, उचलली. पण वाटे घालायला पोरगं कच्चं होतं. पहिल्याच आखाडात शरिफाबी पदर खोचून ताडपत्रीवर येऊन बसली. आमचा बजरंग पैलवान, म्हणजे पैलवानकी कधीच सुटली, आता नुसतं पोट राहिलंय, तो म्हणाला, "आता बाई वाटे घालणार व्हय?"

"बजरंगा, घरी भाकरी कोण वाढतंय तुला?"

"बायको."

"मंग तिथं बरं तोंड उघडून गिळतूस!"

त्या दिवसापासून वाटे तिचेच. महेबूब पुढं वारला, पण गावाला दुसरा हात नको झाला. ती तशी भांडखोर. रेशनवाल्याशी भांडली, शाळेच्या खिचडीवरून भांडली, फाट्यावर न थांबणाऱ्या एसटीपुढं आडवी उभी राहिली. माझ्याशी तर आठवड्यातून एकदा भांडायचीच, कारण तिच्या माहेरची बातमी मी तिच्याआधी गावात सांगितली होती. पण तिचा वाटा हलका पडला, असं शत्रूलासुद्धा म्हणता आलं नाही.

आता करोनाकडं या. तेव्हा आमचा गुरुवारचा बाजार बंद झाला तो बंदच राहिला. बांगडीवाली गेली, मिरचीवाले गेले, मडकी घेऊन येणारा कुंभार यायचा थांबला. पुढं बाजारतळावर जनावरं बसायला लागली. लोक नळदुर्गाला जाऊन मीठमिरची आणायला लागले. आरिफ गवंडीकाम शिकलेला पोरगा, हात सरळ, पण गावात कुणी भिंत बांधत नव्हतं, तर तो काय करणार?

त्या बंदच्या दिवसांत सरकारनं बायकांच्या खात्यावर थोडे पैसे टाकले होते. अगदी थोडे. मी रिकामा होतो, म्हणून एका नोटेच्या मागं लागलो. खरं सांगतो, ती नोट ओळखीची होती, कुणा प्रेमवीरानं निळ्या शाईनं तिच्यावर बदाम काढला होता. ती नोट द्वारकाबाईला बँकेत मिळाली. तिनं शरिफाबीची एक कोंबडी घेतली. शरिफाबीनं बजरंगाकडून ज्वारी घेतली. बजरंगानं तीच नोट इरम्माच्या हॉटेलात भज्यांवर उडवली. बायकोला मात्र खत आणायला गेलो होतो म्हणाला. आणि इरम्मानं हॉटेलाची भिंत सारवून घेतली ती द्वारकाबाईकडून. बदाम पुन्हा द्वारकाबाईच्या कनवटीला! एका नोटेनं चार घरांत चूल पेटवली आणि जिथून निघाली तिथं परत आली. मी हे गावभर सांगितलं. लोक बजरंगाच्या भज्यांवर हसले आणि मुद्दा विसरले. एकटी शरिफाबी हसली नाही. तिनं मला दोनदा विचारलं, "तात्या, नोट खरंच परत आली?"

करोना सरला आणि गावाला निधी आला. लोकांच्या हाताला काम मिळावं, गावाचा बाजार पुन्हा हलावा, म्हणून वरून पाठवलेला. आमचा सरपंच कृष्णराज. वय लहान, कपडे पांढरे, बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी चुकलोय असं वाटावं. त्यानं ग्रामसभा घेतली आणि जाहीर केलं, की फाट्यावर भव्य कमान उभारायची. वर दोन घोडे, मध्ये त्याच्या वडिलांचं नाव. काम करणार सोलापूरचा ठेकेदार. तो कृष्णराजचा मेहुणा निघाला, हा योगायोग. लग्न लागलं तेव्हाच हा योग जुळला होता म्हणा.

शरिफाबी उठली. "कृष्णराज, हा पैसा कशाला आलाय?"

"गावाच्या विकासाला, चाची."

"कामाला आलाय न्हवं? मंग काम कुणाला?"

"ठेकेदाराला."

"त्ये सोलापूरचं. गावाला काय?"

"गावाला कमान."

"आरं, मी कमानीला फडकं बांधून झोका खेळू व्हय ह्या वयात?"

सभेत खसखस पिकली. ती थांबली नाही. "बाजारतळावर ओटे बांधा. वर पत्रं टाका. दगड आपल्या माळावर पडलाय. गवंडी गावात हायत, माती उचलायला बाया हायत. मजुरी घराघरात जाईल आन बाजार भरंल. तात्यानं बदामाची नोट बघितली, ती इथंच फिरली. तुझ्या कमानीचा पैसा एकदा गाडीत बसला की सोलापूरला जाऊन उतरंल. परत येणार हाय का तो?"

कृष्णराज गोड हसला. "चाची, तुमचा विषय मटणाचा. हे विकासाचं चाललंय. त्यातलं तुम्हाला काय कळायलंय?"

हात वर झाले. कमान मंजूर. ज्यांनी हात वर केले, त्यांतल्या निम्म्यांना दुसऱ्या दिवशी मी विचारलं, की बाबांनो, कशाला वर केला? एक म्हणाला, सगळ्यांनी केला म्हणून. एक म्हणाला, मला वाटलं हजेरी आहे. अशा लोकांचा राग येऊन काही उपयोग नसतो, हे मला माहीत आहे. तरी येतो. आजही येतो. दुष्काळ झाला, रोग झाला, सरकारला शिव्या देऊन गाव थकलं, आणि सरकारनं एकदाचं काही पाठवलं तर ते घोड्यांवर घालायला आपलेच हात वर!

मेहुणा आला तो पांढऱ्या गाडीतून. मागं खड्डे खणायचं यंत्र. आमच्या पंधरा बायांना आठवडाभर पुरेल एवढं खोदकाम त्या यंत्रानं इरम्माचा चहा उकळेपर्यंत उरकलं. माणसंही त्यानं बाहेरूनच आणली. त्यांच्यावर माझा राग नाही, तीही पोटासाठी आलेली, ताडपत्रीच्या पालात राहायची. पण त्यांचा किराणा सोलापूरहून, आणि चहा हायवेच्या ढाब्यावरून मोठ्या थर्मासात. इरम्मा कपाळाला हात लावून म्हणायची, "एनप्पा हे, काय म्हणावं ह्याला! माझ्या दारात उभारून दुसऱ्याचा चहा पितेत!"

आरिफ काम मागायला गेला. मेहुण्यानं गाडीची काच अर्धी खाली केली, म्हणाला, "आमची टीम आहे." काच वर गेली. पोरगा तिथंच उभा राहिला, काचेत स्वतःचं तोंड बघत.

त्या संध्याकाळी आरिफनं बॅग भरली. हैदराबादला मोठमोठ्या इमारती चढतायत, तिथं त्याचा एक दोस्त होता. आखाडातली कापणी उरकायची आणि ट्रक धरायचा, असं ठरवून त्यानं बॅग खुंटीला लावली. मी नेमका तिथं होतो. नेमका म्हणजे, मुद्दाम गेलो होतो. शरिफाबी चुलीपुढं बसलेली.

"कायकू जातो रे?"

"अम्मी, यहाँ क्या है?"

"मैं हूँ ना."

"तू हाय, पर काम न्हाय."

तिनं चुलीतलं लाकूड असं मागं ओढलं, की ठिणग्या माझ्या धोतरापर्यंत आल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ऐकलं न्हवं तात्या? जा, सांगा गावाला. म्हणावं शरिफाबीचं पोरगं हायवेनं चाललंय, आन त्याची मजुरी गाडीत बसून सोलापूरला गेली."

मी सांगितलं. हे काम मला नीट येतं. इरम्माच्या बाकड्यावर कुजबुज वाढली, बायका पाणवठ्यावर बोलायला लागल्या, आणि ते कृष्णराजच्या कानावर गेलं. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती. त्यानं हिशेब केला, की गावाचं तोंड बंद करायचं तर त्यात काहीतरी घालावं. खांब उभे राहिल्याच्या आनंदात सरपंचाकडून गावाला दोन बोकड, फुकट, येत्या रविवारी! खाणाऱ्या प्रत्येक घराला वाटा. आणि वाटे कोण घालणार? नेहमीप्रमाणं शरिफाबी. एवढा हुशार माणूस, पण सुरी कुणाच्या हाती देतोय, ते त्याच्या ध्यानात आलं नाही. मटण आणि निधी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्याला मनापासून वाटत होतं.

रविवारी सकाळी चिंचेखाली ही गर्दी. घरोघरी वाटणं तयार, खोबरं भाजल्याचा वास गल्लीभर. मी नेहमीच्या जागी शाळेच्या भिंतीकडं तोंड करून बसलो. मागं ओंडक्यावर सुरीचा ठक ठक आवाज. कृष्णराज मेहुण्याला घेऊन आला.

"चाची, वाटे झकास घाला. आमच्या पाव्हण्यालाबी एक ठेवा."

"ठेवते की! त्यांचाच आधी घालते."

बराच वेळ गेला. ओंडका थांबला. मी म्हणालो, "घेऊ का नावं?"

"थांबा तात्या. वळू नका."

माझ्या मागं एवढी माणसं, आणि अशी शांतता मी त्या चिंचेखाली कधी ऐकली नव्हती. मटणाच्या वेळी आमचं गाव गप्प बसत नसतं. मग तिचा आवाज आला, "हा कुणाचा?"

मी तोंड उघडलं.

"न्हाय, तात्या. ह्या वाट्याला तुमची गरज न्हाय. ह्याचं नाव वरनंच ठरून आलंय. हा कमानीचा."

कुणीतरी फिसकन हसलं. पाठोपाठ बजरंग ओरडला, "आरं, ही काय चेष्टा लावलीय?" मला राहवेना. जन्मात पहिल्यांदा नेम मोडून मी मागं वळलो.

ताडपत्रीच्या मधोमध मटणाचा डोंगर. दोन्ही बोकडांच्या मांड्या, चाप, सगळ्या नळ्या, आणि वर कलेजी अशी ठेवलेली, की कळसच. त्याच्याभोवती गावाचे वाटे. एकात खूर. एकात वजडीचा गोळा. एकात बरगडीचं उघडं हाड, आणि एकात नुसता कान. कान बजरंगाच्या पुढ्यात आला होता. त्यानं तो वाकून बघितला, आणि त्याच्या तोंडातून शिव्यांची जी माळ सुटली, ती मला इथं सांगता येत नाही. मी कंडक्टर असूनही त्यांतल्या दोन माझ्यासाठी नव्या होत्या.

"चाची, डोकं फिरलं का तुमचं?"

"गावाचं बोकड हाय हे!"

"एकट्याला एवढं? आन आमी काय कान चावत बसू?"

सगळे एकदम बोलायला लागले. शरिफाबी सुरी बाजूला ठेवून मांडी घालून बसली. आवाज ओसरेपर्यंत थांबली, आणि मग उठली.

"का रं? राग आला? आला न्हवं? हाच वाटा ग्रामसभेत पडला तवा कुठं गेलता हा राग? तवा तर हात वर करून बसलाव समदे! कलेजी गेली तर सुरीला हात घालायलाव, आन पोरांची मजुरी गेली तर कमानीवर घोडं कसलं बसवायचं त्येची चर्चा करायलाव! बजरंगा, कान मिळाला म्हणून आईबापावर आलास. तुझा भाऊ पुण्याला वॉचमन हाय, त्येच्या वाट्याला काय आलं ते इचारलंस का कवा? सरकारनं गावाला बोकड दिलं. सरपंचानं मांडी मेहुण्याला दिली, आन तुमास्नी म्हणला, बघा, वास किती झकास सुटलाय!"

द्वारकाबाई गर्दीतून पुढं आली. तिच्या पुढ्यातल्या वाट्यात नुसता खूर होता. त्याच्याकडं बोट करून ती म्हणाली, "सरपंच, ह्याच्या जोडीला ते कमानीवरचं घोडं मिळंल का? म्हंजी रस्सा तरी होईल."

आता हसू फुटलं, पण ते कृष्णराजला झोंबणारं होतं. मेहुणा गाडीकडं सरकायला लागला. कृष्णराज लाल होऊन म्हणाला, "पुरे झालं नाटक. चाची, वाटे पुन्हा घाला."

"घालते. आधी तू घाल."

"म्हंजी?"

"खांबं उभी ऱ्हायली, त्यात गेलं ते गेलं. त्ये काय आता बोकडाच्या पोटातनं परत निघणार न्हाय. उरल्यालं ओट्याला लाव. गावातल्या हातानं. सगळ्यांसमोर बोल, मंग मी सुरी उचलते."

"न्हाय बोललो तर?"

"मंग बसू की. मला काय घाई न्हाय. मटणाला आसंल."

ऊन चढायला लागलं होतं. आरिफ लिंबाच्या डहाळीनं माश्या हाकत होता. कृष्णराज बजरंगाला म्हणाला, "पैलवान, उचल रे ते मटण. आपण घालू वाटे." बजरंग दोन पावलं पुढं झाला आणि थांबला. तुम्ही बाहेरचे असाल तर म्हणाल, त्यात काय, उचलायचं. पण आमच्याकडं नाव पडल्याशिवाय वाटा उचलला, तर ती चोरी. ज्यानं उचलला त्याच्या पंक्तीला पुन्हा कुणी बसत नाही. बजरंगानं कृष्णराजकडं बघितलं, डोंगराकडं बघितलं, आणि मागं हटला.

तेवढ्यात घराघरांतून बायका यायला लागल्या. वाटण वाळायला लागलं होतं, चुली जळत होत्या, पोरं रडत होती, आणि नवरे मोकळ्या टोपल्या घेऊन चिंचेखाली उभे. काय झालं, हे द्वारकाबाईनं त्यांना सांगितलं. जेवढं झालं होतं त्याहून थोडं जास्तच सांगितलं, तेही माझ्यापेक्षा चांगलं. मग बायकांनी सरपंचाला जे घेरलं, त्यापुढं विरोधी पार्टी काहीच नाही. बजरंगाची बायको म्हणाली, "सरपंच, आमचा मसाला खराब झाला तर कमानीवर थापीन मी!"

कृष्णराज बोलला. दात आवळून, पण बोलला. उरलेला पैसा बाजाराच्या ओट्यांना, कामं गावातल्या लोकांना.

शरिफाबीनं डोंगर मोडला. मी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं आणि नावं घेत गेलो. सगळ्यांना सगळं मिळालं. मेहुण्याचं नाव घ्यायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं. वय झालं, काय करणार?

आणि आता माझा राग सांगतो. गावानं न्याय केला असं मी म्हणणार नाही. गावाला भूक लागली होती. मसाला वाटून तयार नसता, तर आज फाट्यावर दोन घोडे उधळलेले दिसले असते आणि त्यांच्याखालून आमची पोरं हैदराबादला गेली असती. निधी गेला तो कुणाला दिसला नाही, कारण तो ताडपत्रीवर मांडलेला नव्हता. उघड्यावर मांडला असता, तर शेंबड्या पोरानंही विचारलं असतं, की ह्या बाबाला मांडी का आणि माझ्या आईला खूर का? म्हणूनच तो कधी मांडत नाहीत. काच वर करून नेतात.

ओटे झाले. आरिफची बॅग खुंटीलाच राहिली. दगड माळावरचा, हात गावचे. संध्याकाळी मजुरी झाली की इरम्माच्या हॉटेलात बसायला जागा मिळेना. बांगडीवाली परत आली, आणि तिनं पहिला चुडा भरला द्वारकाबाईला. "विधवेला कशाला गं?" असं एकीनं नाक मुरडलं, तर द्वारकाबाई म्हणाली, "खडी मी फोडली, हात माझं. भरायच्या का न्हाय, ते मी बघीन." गुरुवार पुन्हा गुरुवार झाला. उद्घाटनाला कृष्णराजनं स्वतःच्या नावाची काळी फरशी बसवून घेतली. ती फरशी जवळपास ओट्याएवढीच आहे. बसू द्या. तिच्यावर आता एक म्हातारी लसूण मांडते.

कुठला ओटा कुणाला, ह्यावरून भांडण पेटणारच होतं. कोपऱ्यातला सगळ्यांना हवा, नालीजवळचा कुणालाच नको. शेवटी मला भिंतीकडं तोंड करून बसवलं. शरिफाबी एकेका ओट्यावर हात ठेवत गेली, "हा कुणाचा?" मी नावं घेत गेलो. शेवटी नालीजवळचा उरला.

मी म्हणालो, "चाची, हा चुकला. पुन्हा घालू."

"का म्हून? वाटे घालणाऱ्याचा शेवटचा. तुमचाच नेम न्हवं?"

"पण नेम मटणाचा हाय तो."

"म्हंजी तुमीबी सरपंचासारखं बोलायलात की तात्या! मटणाचा येगळा आन पैशाचा येगळा?"

मग मी शेवटचं नाव घेतलं, शरिफाबीचं. ती आजही तिथंच बसते, अंडी आणि कोंबड्या घेऊन, नालीचा वास घेत. आणि गावातल्या एकाही शहाण्याला, जो तिच्यामुळं पत्र्याखाली बसतो, असं वाटत नाही, की चाची, ह्या गुरुवारी तुम्ही माझ्या ओट्यावर बसा. मला त्यांची नावं माहीत आहेत. पाठ करून पण घेईन.

आता ह्या वर्षी पुन्हा निधी आलाय. कृष्णराज पुन्हा निवडून आलाय. त्यानं परवा सांगितलं, की अर्धवट कमान गावाला शोभत नाही, घोडे तयार आहेत, मेहुणा दर वाढवणार नाही. ओट्यांचं काम संपल्यापासून आरिफच्या हाताला पुन्हा काम नाही. खुंटीवरच्या बॅगेची धूळ त्यानं गेल्या आठवड्यात झटकली. मी बघितली झटकताना. ह्या बारीला कृष्णराज शहाणा झालाय. बोकड नाही. ग्रामसभेला येईल त्याला ढाब्यावरची बिर्याणी, डब्यात बंद, वर रबर लावलेली. उघडायचं काम नाही, वाटायचं काम नाही.

आज सकाळी ग्रामसभा होती. मी लवकर गेलो. डबे एका टेबलावर रचलेले, वास सुटलेला, माणसं डब्यांकडं बघत बसलेली. शरिफाबी आली. तिच्या मागं आरिफ. हा पोरगा आजवर चार माणसांत तोंड उघडत नव्हता. त्याच्या खांद्यावर ती जुनी ताडपत्री होती. ग्रामपंचायतीच्या दारासमोर, सगळ्यांच्या मधोमध, त्यानं ती अंथरली. कोपरे ताणले, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. माळावरचेच.

कृष्णराज बाहेर आला. "हे काय?"

आरिफ म्हणाला, "ताडपत्री हाय."

"दिसायलंय. पण बोकड कुठंय?"

"त्ये तुमच्याकडं हाय, सरपंच. भाईर काढा."

शरिफाबी ताडपत्रीच्या कडेला बसली. तिच्या शेजारी द्वारकाबाई बसली. इरम्मा हॉटेल उघडं टाकून आली. बजरंगानं एक डबा उचलला होता, तो त्यानं थोडा विचार करून टेबलावर परत ठेवला. मी उठलो, शेजारच्या शाळेच्या भिंतीकडं तोंड केलं आणि मांडी घालून बसलो.

"तात्या," कृष्णराज मागून ओरडला, "सभा इकडं हाय. तुमी तिकडं तोंड करून का बसलाव?"

म्हणालो, "तू वाटे घाल बाबा. मी नावं घेतो."